शांत व्हा

जन्मभर सुईवर पोट भरलेली बाई सुईला भिते म्हटल्यावर लोक हसणारच. हसनाबादच्या बेबीनंदानं अर्ध्या गावाची झंपरं शिवली होती. बोटात सुई घुसली तर बोट तोंडात घालून ती दुसऱ्या हातानं कापड सरकवत राहायची, मशीन काही थांबायची नाही. पण जालन्याच्या कॅन्सरच्या दवाखान्यात सिस्टरनं दंडाला रबर बांधलं की तिच्या तोंडचं पाणी पळायचं. पहिल्या दोन सायकलींतच हाताच्या शिरा रुसून बसल्या होत्या. सायकल म्हणजे केमोची एक खेप. डॉक्टर पहिल्या दिवशी "आठ सायकली लागतील" म्हणाले, तेव्हा तिचा नवरा शिवाजी बिचारा गोंधळून त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिला होता. तर सिस्टर मनगटावर थापट्या मारायची, गरम पाण्याची पिशवी ठेवायची आणि शेवटी म्हणायची, "मावशी, इकडं बघू नका." इकडं बघू नका म्हटल्यावर माणूस दुसरीकडं कुठं बघणार?

गाठ छातीत होती. आधी केमो, मग ऑपरेशन, असं ठरलं होतं. एकही खेप न चुकवता सगळ्या पुऱ्या केल्या तर बाई बऱ्या होतील, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. त्या 'तर'ला धरून घर चाललं होतं.

केमोच्या हॉलमध्ये बेबीनंदाच्या शेजारच्या खुर्चीवर सत्यशीला असायची. ती अंबडच्या पलीकडची, वयानं लहान, दोन पोरांची आई. दोघींचे केस एकदमच गेले होते. मळमळ सुरू झाली की सत्यशीला पिशवीतून सुकवलेल्या आवळ्याच्या फोडी काढायची, एक स्वतःच्या तोंडात आणि एक बेबीनंदाच्या. बोलायला तर तिला विषय लागायचाच नाही. "अक्का, आपल्या दोघींच्या डोक्याला मिळून एक कंगवासुद्धा न्हाई लागून राह्यला आता," असं म्हणून ती स्वतःच खिदळायची. ती हसली की सलाईनच्या थेंबांचा बेबीनंदाला विसर पडायचा.

डबा पहिल्यांदा आला तो सत्यशीलेसाठी. दवाखान्यात यशश्री नावाची नवी मॅडम आली होती. पेशंटशी बोलणं, त्यांना धीर देणं हेच तिचं काम होतं. पोरगी गोड होती, पायातल्या बुटांचा आवाजही न करता चालायची. तिनं डोळ्यांवर बांधायचा एक काळा, जाड डबा आणला. म्हणाली, यात तळं दिसतं, झाडं दिसतात, कानात आवाज येतो, आणि सुईकडं, मळमळीकडं लक्षच जात नाही. मोठ्या शहरांत पेशंटना याचा फार उपयोग होतो म्हणे.

सत्यशीलेनं हौसेनं डबा घातला. "अक्का, सिनेमा बघते," म्हणाली. बेबीनंदा तिच्याकडं पाहत होती. आधी तिच्या ओठांवर हसू होतं. थोड्या वेळानं ते गेलं. मग तिनं खुर्चीचा दांडा धरला, आणि बोटांची नखं पांढरी पडेपर्यंत ती धरूनच बसली. डबा काढल्यावर यशश्रीनं विचारलं, "बरं वाटलं ना?" सत्यशीलेनं मान हलवली. यशश्री खूष होऊन बेबीनंदाकडं वळली आणि म्हणाली, "मावशी, पुढच्या वेळी तुमचा नंबर."

त्यानंतर सत्यशीला एक शब्द बोलली नाही. सलाईन संपलं, नवरा पुंजाराम तिला घ्यायला आला. उठताना तिनं बेबीनंदाकडं पाहिलं, पण डोळे ठरले नाहीत.

"जाते अक्का," ती म्हणाली.

जाते. आपल्यात घरून निघालेली पोरसुद्धा 'येते' म्हणते. चुकून 'जाते' म्हटलं तर म्हातारी माणसं तोंडावर हात ठेवतात आणि पुन्हा म्हणायला लावतात. बेबीनंदा हाक मारणार होती, "अगं, येते म्हण." पण तोवर दार लोटलं गेलं होतं.

तिसऱ्या सायकलीला ती हॉलमध्ये शिरली तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती. तिनं तासभर दाराकडं पाहिलं. मग सिस्टरला विचारलं. सिस्टरच्या दोन्ही हातांत बाटल्या होत्या. "नाही आल्या त्या. काही कळलं नाही, मावशी," असं म्हणून ती पुढं गेली. बाई खरं तेच बोलली होती. पण हे वाक्य आपण कुठं आणि कधी ऐकतो, ते बेबीनंदाला माहीत होतं. पुंजारामचा नंबर शिवाजीच्या मोबाइलमध्ये होता. शिवाजी म्हणालासुद्धा, "फोन लावू का?" तिनं त्याचा हातच धरला. फोन लावला आणि पलीकडून कुणी सांगून टाकलं तर? न लावलेल्या फोनमध्ये सत्यशीला अजून जिवंत होती.

आणि तेवढ्यात यशश्री डबा घेऊन आली.

"मावशी, आज तुमचा नंबर ना? सत्यशीलाताईंना किती आवडला होता!"

बेबीनंदाला नाही म्हणायचं होतं. पण एवढी शिकलेली पोरगी एवढ्या आपुलकीनं खाली वाकून उभी असताना नाही कसं म्हणायचं? भिडेखातर माणसं काय काय करतात! सलाईन नुकतंच लावलं होतं, केमोचं लाल औषध अजून जोडायचं होतं. यशश्रीनं पट्टा डोक्यामागं बसवला, आणि हॉल, खिडकी, कोपऱ्यात उभा असलेला शिवाजी, सगळं एका क्षणात विझून गेलं.

मग उजेड झाला. समोर मोठं तळं होतं. पाणी हलत नव्हतं. काठाला झाडं होती, पण झाडांखाली माणूस नव्हतं, जनावर नव्हतं, कुत्रंसुद्धा नव्हतं. पलीकडच्या काठावर पांढरा उजेड पसरला होता. तळं चांगलं होतं, खोटं कशाला बोला. पण एवढ्या चांगल्या पाण्यावर कपडे धुवायला एकही बाई नाही, म्हणजे हे गाव कुठलं? बेबीनंदाला आपला पदर सारखा करावासा वाटला. तिनं खाली पाहिलं.

खाली काही नव्हतं. पदर नव्हता, मांडी नव्हती, पाय नव्हते. तिनं हात वर केला. हात उचललेला कळत होता, पण दिसत नव्हता. जिथं बेबीनंदा बसली होती तिथं गवत होतं.

कानात एक बाई बोलू लागली. आवाज मऊ, एकेक शब्द सुटा.

"आता शरीर सोडून द्या. मागचं सगळं मागे राहू द्या. घरच्यांची काळजी करू नका. हळूहळू समोरच्या प्रकाशाकडे चला. शांत व्हा. तुम्ही शांत होत आहात. शांत... शांत..."

विहाराच्या भोंग्यावरून गावात सांगतात ते याच शब्दांत. कळविण्यास दुःख होते की अमुक अमुक आज सकाळी शांत झाले. सासू गेली तेव्हा असंच सांगितलं होतं, भावजय गेली तेव्हाही. आणि आता कुणीतरी तिच्याच कानात, तिला एकटीला, आधीच सांगत होतं.

तळं पुढं सरकलं. पलीकडचा उजेड जवळ येऊ लागला. तिच्या लक्षात आलं, सत्यशीलेनं दांडा धरला होता तो इथं. ती इथूनच गेली.

बेबीनंदा किंचाळली. तिनं डबा उपसून फेकला, त्याबरोबर हातातली सुई निघाली आणि साडीवर रक्ताची धार लागली. सिस्टर धावल्या. यशश्री "मावशी, शांत व्हा, शांत व्हा!" म्हणत पुढं झाली, तशी बेबीनंदा खुर्चीवरून उठून भिंतीला जाऊन टेकली.

"मला घरी घेऊन चला," ती शिवाजीला म्हणाली. "जल्दी. हे लोक मला पाठवून राह्यले."

शिवाजीला काही समजलं नाही. डॉक्टरांनी समजावलं, सिस्टरनं दटावलं, यशश्री रडायच्या बेतात आली. बाई बधली नाही. ती खेप तशीच राहिली.

घरी आल्यावर बेबीनंदानं कुणालाही काही सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होईल, असं तिला वाटत होतं. ती मशीनवर बसली आणि राहिलेली झंपरं भराभर उरकू लागली. हातात जोर नव्हता, तरी. शिवाजीला एक दिवस डाळीचे डबे दाखवले, मुलीच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेल्या साड्या कुठल्या पेटीत आहेत ते दाखवलं. शिवाजी साधा माणूस, पण मुका नव्हता. त्यानं भोकरदनला फोन लावला.

भोकरदनला त्यांची मुलगी ज्योत्स्ना शाळेत शिकवायची. ती रविवारी सकाळच्या गाडीनं आली, ती पिशवी खाली न ठेवताच आईसमोर उभी राहिली.

"डॉक्टर म्हणून राह्यलेत, आता उशीर केला तर गाठ जोर धरेल. तू काहून न्हाई म्हणतीस?"

"मला न्हाई जायचं."

"सुईमुळं?"

"न्हाई."

"मंग कशामुळं? आई, मला भ्या वाटून राह्यलंय गं. काय झालं ते तरी सांग!"

पोरगी लहानपणानंतर पहिल्यांदा आईसमोर अशी रडली. बेबीनंदानं झंपर खाली ठेवलं. मग दाराकडं पाहत, कुणी ऐकत नाही ना याची खात्री करून, तिनं सगळं सांगितलं. तळं सांगितलं, नाहीसे झालेले हात सांगितले आणि शेवटी ते शब्द सांगितले.

ज्योत्स्नानं डोळे पुसले. मग म्हणाली, "आई, अगं ते इंग्रजीवरून केलेलं असंल कुणीतरी. अंग सैल सोडा, निवांत व्हा, एवढंच म्हणायचं असंल त्यांना. मी रोज वर्गात पोरांना म्हणते की, शांत बसा म्हणून."

"शांत बसा येगळं," बेबीनंदा म्हणाली. "बसलेलं माणूस उठतं. झालेलं न्हाई उठत."

ज्योत्स्नानं आता कुठं पिशवी खाली ठेवली.

"आणि ते ऐकून सत्यशीला गेली," बेबीनंदा म्हणाली. "जाते म्हणाली मला. पुन्हा आली न्हाई."

"गेली हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणीच न्हाई."

"बाबा," ज्योत्स्ना दाराकडं वळून म्हणाली, "तो नंबर द्या."

बेबीनंदा उठून मोरीत जाऊ लागली, पण ज्योत्स्नानं तिचा हात धरून तिला पलंगावर बसवलं आणि फोनचा आवाज मोठा केला. घंटी वाजत राहिली. बेबीनंदानं पदराचा बोळा तोंडात धरला. शिवाजी उगाच उंबऱ्यावरची माती पायानं सारत होता.

"हॅलो," पुंजाराम म्हणाला.

"जयभीम काका. मी हसनाबादहून बोलून राह्यले. बेबीनंदाची मुलगी, ज्योत्स्ना."

मग पुंजाराम फोनपासून दूर, हलक्या आवाजात कुणाला तरी म्हणाला, "हसनाबादच्या अक्काची पोरगी हाये." आणि लगेच एका बाईचं रडणं ऐकू आलं. रडता रडताच ती फोनवर आली.

"कधी झालं गं बाई अक्काचं? माती कधी हाये? म्या येणार व्हते, खरंच येणार व्हते, पण मला उठवतच न्हाई. म्या तवाच म्हणलं व्हतं, आता अक्काचा नंबर हाये..."

बेबीनंदाच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपल्यासाठी कुणी रडताना आपण पलंगावर बसून ऐकायचं, ही गोष्ट कुणाच्या वाट्याला येऊ नये. तोंडातला बोळा काढून ती फोनजवळ वाकली.

"सत्यशीला, म्या बोलून राह्यले."

रडणं थांबलं. एवढं थांबलं की फोन बंद पडला असं वाटलं.

"अक्का? तुमी हायेत?"

"हाये. आन तू?"

"हाये," सत्यशीला म्हणाली, जणू स्वतःलाच विचारून. मग म्हणाली, "त्या बाईनं मला शांत व्हा म्हणलं, अक्का. पोरांची काळजी करू नका म्हणलं. म्या घरी पळून आले. पोरांना सोडून कशी जाऊ? मंग पुन्हा गेलेच न्हाई."

दवाखान्यातून फोन यायचे ते पुंजारामच्या भाच्याच्या नंबरावर, आणि भाचा तर केव्हाच कामासाठी बाहेरगावी गेलेला. म्हणजे कुणालाही काही कळलं नव्हतं. एक बाई मरणाला भिऊन औषधापासून पळाली होती, दुसरी तिच्याच मागं निघाली होती, आणि दोघी एकमेकींना मेलेल्या समजत होत्या. हसावं असं होतं सगळं. ज्योत्स्नाला थोडं हसू आलंही, पण पुढचं वाक्य ऐकून ते गेलं.

"गाठ परत वाढली, अक्का. हाताला लागून राह्यली. म्या कुणाला सांगितलं न्हाई."

बेबीनंदाला आता स्वतःची भीती सुचेना.

"तू बुधवारी केमोला ये," ती म्हणाली. "बिलकुल ये. म्या पण येते. तुझी खुर्ची धरून ठेवते."

"तो डबा?"

"बघू त्याचं. तू ये."

ज्योत्स्नानं फोन आईच्या तोंडाजवळ धरला.

"येते म्हण," बेबीनंदा म्हणाली. "सत्यशीला, येते म्हण आधी."

"येते," सत्यशीला म्हणाली. फार बारीक आवाज होता तो.

ज्योत्स्नानं त्याच दिवशी यशश्रीला फोन करून सांगितलं. ते शब्द यशश्रीनंच हौसेनं मराठीत आणले होते, आवाजही तिचाच होता. ती जालन्यातच वाढलेली, घरी मराठीच बोलणारी. आजी गेली तेव्हा 'शांत झाली' हेच शब्द तिनंही ऐकले होते. पण कागदावर उतरवताना ते आठवले नाहीत. मग तिनं विचारलं, "मावशींना विचाराल का, काय म्हणू?" बेबीनंदा लगेच म्हणाली, "म्हणावं, घाबरू नको. अंग सैल सोड. म्या हितंच हाये, तू पण हितंच हाये. झालं." यशश्रीनं ते शब्द तसेच लिहून घेतले.

बुधवारी ती लवकर पोचली. एसटीत जागा धरतात तसा तिनं शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकला. सिस्टर म्हणाली, "मावशी, दुसरा पेशंट बसवायचाय." ती म्हणाली, "बाई येऊन राह्यली." अर्ध्या तासानं सिस्टर पुन्हा आली. "येऊन राह्यली," बेबीनंदा पुन्हा म्हणाली, पण आता तिचाच विश्वास उडत चालला होता. अंबडची गाडी येऊन गेली असणार. हॉलच्या दारातून माणसं येत होती, त्यात ती नव्हती. सिस्टरनं दंडाला रबर बांधलं, शीर शोधली, सुई घातली, चिकटपट्टी लावली. बेबीनंदा दाराकडंच बघत होती. सगळं झाल्यावर तिच्या लक्षात आलं.

मग पुंजाराम दिसला, आणि त्याच्या खांद्याला धरून सत्यशीला. अर्धी झाली होती. ती दारातच थांबली. तिची नजर खुर्चीवर नव्हती, यशश्रीच्या टेबलावरच्या काळ्या डब्यावर होती. पुंजारामनं तिला पुढं घेऊ पाहिलं तर तिनं चौकट धरली. अगदी त्या दिवशी खुर्चीचा दांडा धरला होता तशी.

ती आता परत फिरणार, हे बेबीनंदाला दिसलं. आणि या वेळी फिरली की संपलंच.

"मॅडम," ती यशश्रीला म्हणाली, "तो डबा हिकडं आना. मला घाला."

"मावशी, नको. सक्ती नाही, खरंच."

"घाला म्हणते ना." मग दाराकडं पाहून म्हणाली, "सत्यशीला, आधी म्या जाऊन बघते. तू हितं बस आन माझा हात धर. मला काही झालं तर वढून काढ."

तिचा आवाज कापत होता. धीट बाई ती नव्हतीच, आताही झाली नव्हती. सत्यशीला एकेक पाऊल टाकत आली. बेबीनंदानं रुमाल उचलला. सत्यशीला बसली आणि बेबीनंदाचा सुई नसलेला हात तिनं दोन्ही हातांत घेतला.

पट्टा डोक्यामागं आवळला गेला. पुन्हा सगळं विझलं, पुन्हा तेच तळं, तीच माणूस नसलेली झाडं, पलीकडं तोच पांढरा उजेड. बेबीनंदाला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. तिनं खाली पाहिलं. पाय नव्हते. मांडी नव्हती. हात नव्हता, पण तो हात कुणीतरी मोडेल इतका घट्ट धरला होता.

"अक्का," फार लांबून आवाज आला. "हायेत ना?"

"हाये," बेबीनंदा म्हणाली.